गायरानावरचं गवत

दसरा झाला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लॉन कापायला माणूस येतो. यंदाही आला. सकाळभर यंत्राची घरघर चालली आणि मग कापलेल्या गवताचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "किती फ्रेश वाटतं, नाही?" मी हो म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

हा वास कोवळा असतो, नळाचं पाणी पिऊन वाढलेल्या गवताचा. मला माहीत असलेला वास उभ्या उभ्या वाळत आलेल्या पवन्या गवताचा. तापलेला, किंचित गोडसर, नव्या गोणपाटाच्या जवळ जाणारा. दसरा ते दिवाळी या दिवसांतल्या ज्या उन्हाला पुण्यात सगळे नावं ठेवतात, त्याच उन्हात तो वास तयार होतो. त्यात हात घातला की कातडीवर बारीक रेघा उठतात आणि कुसळं कपड्यांत शिरून आठवडाभर टोचत राहतात. मी चोविसाव्या वर्षापासून तीन हंगाम त्या गवतात घालवले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर आजही तेच आठवतात, आणि म्हणूनच त्यांची आठवण नकोशी वाटते.

मी मूळची यवतमाळकडची. पुण्यात समाजकार्य शिकायला आले आणि शिक्षण संपताच डेक्कनवरच्या एका लहानशा संस्थेत लागले. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, चौघंजण आणि सर. सरांना सगळे नुसतं सरच म्हणत. गावच्या सामाईक जमिनी गावानं सांभाळाव्यात, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. ते बोलायला लागले की आपण आत्तापर्यंत फुकट जगलो असं वाटायचं. त्यांनी मला वाघोलीच्या पुढचं एक गाव दिलं. वाघोलीपर्यंत बस, पुढे फाट्यापर्यंत वडापची जीप, आणि तिथून चालत.

गावाच्या उत्तरेला एक लांबट टेकाड होतं. ते गावाचं गायरान. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यावर बोट बुडेल एवढंही गवत नव्हतं. सगळ्यांची जनावरं बारा महिने तिथं सोडलेली, आणि राखायला कुणी नाही. माती वाहून जाऊन खडक उघडा पडलेला. खालचा ओढा पाऊस थांबला की आठ दिवसांत कोरडा पडायचा. सरांचा उपाय साधा होता. गावानं ठराव करायचा, दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवायची, चर खणायचे, गवताचं बी टाकायचं आणि दसऱ्यानंतर सगळ्या घरांनी मिळून कापून ते सारखं वाटून घ्यायचं. ज्याला शेत आहे त्यालाही एक वाटा, ज्याला नाही त्यालाही एक वाटा.

मी घरोघर फिरून हे सांगत होते. तेव्हा माझ्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, "गायरान गावाचं असतं." सातबाऱ्यावर मालक म्हणून महाराष्ट्र शासन असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. सरांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "कागदावर सरकारचं, वापरात गावाचं. माणसांना वापर कळतो, कागद कळत नाही. तू वापराचं बोल." मी वापराचं बोलत राहिले.

सगळ्यात आधी ज्यांचं नुकसान व्हायचं होतं त्या अनसाबाई. नवरा नाही, जमीन नाही, आठ-नऊ शेळ्या. त्या मला म्हणाल्या, "पोरी, म्हस बांधून ऱ्हाती. शेळीला हिंडायला लागतं. तिला दावणीला बांधली की ती झुरती." दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून एक सोडून बाकीच्या शेळ्या काढून टाकल्या. विचारलं तर म्हणाल्या, "समद्यांनी बंद करायचं आन मी एकटीनं चारायचं, बरं दिसत न्हाई."

एवढं झाल्यावर अडसर राहिला तो मारुतीदादांचा. टेकाडाच्या मध्यावर, ओढ्याच्या काठानं सव्वा एकराचा एक पट्टा त्यांच्या कब्जात होता. त्यांच्या वडिलांनी दगड वेचून, बांध घालून तो कसायला घेतलेला. त्यात बाजरी व्हायची, मटकी व्हायची. तलाठ्याच्या वहीत त्यांची अतिक्रमणदार म्हणून नोंद होती. गावात बौद्ध वस्तीतली पाच घरं, आणि त्या पाचांत मिळून नोंद असलेली तेवढी एकच जमीन, तीही गुन्हा म्हणून लिहिलेली. पण तो पट्टा मधोमध असल्यामुळे चराईबंदी टिकेना. "त्यानं कसायचं आणि आम्ही चारायचं पण नाही का?" असं म्हणत लोक पुन्हा जनावरं सोडायचे.

सर म्हणाले, "त्याच्याशी तू बोल. तुझं ऐकेल."

माझंच का ऐकेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. मला त्या वेळी त्याचा राग आला नाही, उलट माझा उपयोग होतोय याचा अभिमान वाटला.

मारुतीदादांचं घर म्हणजे दोन खण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्यांची सहा वर्षांची सुजाता पाटी घेऊन बसलेली. कमलवहिनींनी चहा दिला. गाव कुठलं, आईवडील काय करतात, अशी विचारपूस झाली आणि त्यांनी मला आपल्यातली धरली. मी सगळं समजावून सांगितलं. दादा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, समदं पटतंय. पर उद्या गाव फिरलं तर?"

मी म्हणाले, "मी आहे ना."

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी पट्टा सोडल्याचा अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'सदर जमिनीवरील माझा कब्जा मी गावाच्या हितासाठी स्वखुशीने सोडत आहे.' त्या वाक्यावर मी आदल्या दिवशी खूप विचार केला होता. ते चांगलं जमलंय असं मला वाटलं होतं. तलाठ्याच्या वहीतली नोंद त्या अर्जावरून रद्द झाली.

आणि गवत आलं. पहिल्या वर्षी विरळ, दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढं, तिसऱ्या वर्षी कमरेला लागेल असं. वाऱ्यानं ते एका बाजूला झुकायचं तेव्हा सगळं टेकाड कुणी हातानं कुरवाळल्यासारखं रंग बदलायचं. सकाळी सातला बायका विळे घेऊन चढायच्या. एका ओळीत बसून कापत वर सरकायच्या, मागे पेंढ्या पडत जायच्या. विळ्याचा तो सरसर आवाज आणि मध्येच कुणीतरी उठवलेल्या लाव्याची फडफड. मला विळा धरता यायचा नाही, म्हणून अनसाबाईंनी मला पेंढ्या बांधायला बसवलं. गवताचीच दोरी वळून गाठ मारायची. माझ्या गाठी सुटायच्या, त्यांच्या सुटत नसत. "तुजी गाठ शहरातली हाय," म्हणायच्या. दुपारी खडकावर भाकरी सोडायच्या. तेव्हा कोण कुणाच्या शेजारी बसतं याकडे मी लक्ष ठेवून असायची. तिसऱ्या वर्षी कमलवहिनींच्या फडक्यातला ठेचा सगळ्याजणींनी घेतला. मी त्या दिवशीच्या डायरीत फक्त तेवढंच लिहिलं.

भारे मोजून वाटे पडायचे. मारुतीदादांना एक भारा जास्त, असा सभेनं ठराव केला होता. ते तो अनसाबाईंच्या शेळीला देऊन टाकायचे.

त्याच हंगामात सर एक यंत्र घेऊन आले. गायरानाची हद्द चालत फिरून मोजायची होती. अनसाबाई पुढे, मी यंत्र घेऊन मागे. त्यांना एकेक हद्दीचा दगड पाठ होता, गवतात बुडालेलासुद्धा. दोन दिवस लागले. ओढण्यांत, मोज्यांत, केसांत कुसळंच कुसळं. त्यातून एक सुबक रंगीत नकाशा तयार झाला आणि सरांनी पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर आमचं टेकाड, आणि खाली ठळक अक्षरांत: संपूर्ण अतिक्रमणमुक्त गायरान. पुण्यात कार्यक्रम झाला. मारुतीदादांना शाल घातली. परदेशी पाहुणे आले होते. सरांनी त्यांना सांगितलं की या माणसानं गावासाठी जमीन सोडली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि दादा शालीच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होते.

मग प्रकल्प संपला. संस्था दुसऱ्या जिल्ह्यात गेली. माझं लग्न झालं, कोथरूडला घर झालं, एका महाविद्यालयात शिकवायला लागले. पहिली दोन-तीन वर्षं गवताच्या दिवसांत मी गावाला जाऊन यायची. नंतर फोन. नंतर तेही नाही. वर्गात मात्र मी त्या टेकाडाचं उदाहरण दरवर्षी देत राहिले.

पंधरा-सोळा वर्षं गेली. वाघोली ओळखू येईना अशी झाली. जिथं मी वडापची वाट बघायची तिथं चौदा मजली इमारती उभ्या राहिल्या. गेल्या श्रावणात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, ओळखलंत का? सुजाता बोलतेय. तुम्ही मला पाढे शिकवायचात." ती आता खराडीला एका कंपनीत होती. आवाज कामाचा, स्वच्छ. "ताई, गायरान सरकारनं गोदामांसाठी दिलंय. ऑर्डर निघाली पण. शेजारच्या गावातलं आधी बघितलं होतं त्यांनी, पण तिथं लोकांची शेतं आहेत, शेड आहेत. त्या सगळ्यांना नोटीस गेली, हिअरिंग झालं, वकील उभा राहिला, आणि शेवटी सरकारी लोकच म्हणाले की नको ती कटकट. मग आमचं घेतलं."

"दादांना नोटीस आली?"

"नाही ना. नोटीस यायला आधी काहीतरी असावं लागतं. मी एक फोटो पाठवलाय तुम्हाला. तेवढा बघा. अक्षर तुमचंच आहे ना?"

फोटो त्या अर्जाचा होता. मी तो फोन हातात धरून कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होते. माझं अक्षर तेव्हा फार छान होतं.

शेजारच्या गावाला आम्ही नेहमी नावं ठेवायचो. तिथं ज्याला जमेल त्यानं गायरान बळकावलं, कुणी ठराव केला नाही, कुणी काही सांभाळलं नाही. ते गाव वाचलं. आमच्या गावानं नियम केले, पाळले, हद्दी मोजल्या, वाद मिटवले. त्यामुळे सरकारला देण्याजोगी, कुणाचा पायही अडकणार नाही अशी जमीन तालुक्यात ती एकच उरली. आम्ही ती स्वच्छ करून, घडी घालून, नकाशासकट त्यांच्या हातात ठेवली होती.

मी आणि सुजाता तहसील कचेरीत गेलो. कारकून सभ्य होता. त्यानं फाइल काढली, चष्मा लावला. "बाई, नोटीस कब्जेदाराला जाते. यांचा कब्जा कुठं आहे? यांनी तर सोडलाय. हा अर्ज. बघा, किती व्यवस्थित लिहिलाय. असे अर्ज आले असते तर आमचं निम्मं काम झालं असतं."

सुजाता म्हणाली, "पप्पांनी तो गवतासाठी सोडला होता. गोदामासाठी नाही."

"असं यात लिहिलेलं नाही," तो म्हणाला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

फाइलमध्ये पुढे आमची पुस्तिका होती. तो रंगीत नकाशा. खाली मोजणी करणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव. आणि त्याला जोडलेलं एक पत्र, सरांच्या सहीचं. जागा निवडणाऱ्या समितीवर सर तज्ज्ञ म्हणून होते. सदर क्षेत्र वादमुक्त असून मोजणी विश्वसनीय आहे, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

मी सरांकडे गेले. ते थकले होते, पायावर शाल घेऊन बसले होते. मी पत्राबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"ते जाणारच होतं," ते म्हणाले. "रस्त्यापासून तीन किलोमीटरवरची सरकारी जमीन, ती काय आपल्या गवतासाठी राहणार होती का? मला विचारलं मोजणी बरोबर आहे का. होती बरोबर. मी खोटं लिहायला हवं होतं का?"

"त्यांना एक फोन तरी करायचा होता, सर."

"कुणाकुणाला करू? तीस गावं झाली आपली." मग सौम्य आवाजात, वर्गात बोलायचे तसं: "हे बघ, आपण लोकांना एकत्र यायला शिकवलं. ते त्यांच्यापाशी राहिलं. जमीन हे निमित्त होतं."

"त्यांच्यासाठी जमीन निमित्त नव्हती."

ते म्हणाले, "तू पहिल्यापासून हे फार मनाला लावून घेतलंस." मी उठले. चहा तसाच राहिला. त्या माणसाचं बोलणं ऐकून मी एकदा माझा सगळा जन्म ठरवला होता.

दसऱ्यानंतर मी गावात गेले. टेकाडाभोवती निळे पत्रे उभे राहिले होते. आत गवत पिकून उभं होतं, त्या वर्षी पाऊस चांगला झालेला. पत्र्यांच्या दारापाशी अनसाबाई आणि दहा-बाराजणी विळे घेऊन उभ्या होत्या. अनसाबाई वाकल्यात, पण आवाज तोच. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दोन दिवस द्या, आम्ही कापून नेतो. दारावरचा रखवालदार अवघडून गेला होता.

"मले कोनालेच आत सोडाचं नाही असं सांगतलं हाये, मावशी. मी काय करू?"

ते बोलणं ऐकून मी चमकले. विचारलं तर दारव्ह्याचा निघाला, माझ्या माहेरापासून तासाभरावरचा. पंधरा दिवसांपूर्वी इथं कामाला लागलेला. मी त्याच्याशी आमच्या बोलीत बोलले. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "ताई, गवत त जेसीबी उपटूनच फेकनार हाये. मले समजते. पन माह्यापाशी कागद नाही ना." त्याच्यापाशी कागद नव्हता.

बायका ऊन चढेपर्यंत उभ्या राहिल्या. गावातून कुणी आलं नाही. गोदामांमुळे रस्ता रुंद होणार होता आणि रस्त्याकडेला ज्यांच्या जमिनी होत्या ते खुशीत होते. सरपंचांनी विरोधाचा ठराव घ्यायचं तीनदा पुढे ढकललं होतं. अनसाबाई परतताना म्हणाल्या, "वाळून चाललंय. कापून तरी न्यायचं व्हतं, पोरी." मला त्यांनी दोष दिला नाही. मी त्यांच्या मागून चालत होते आणि त्यांनी मला काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं.

पुढे मी जे केलं त्याचा शेवट आधीच सांगते. मी कचेरीत एक निवेदन दिलं. महिन्याभरानं उत्तर आलं: आपले निवेदन दप्तरी दाखल करण्यात आले आहे. टेकाड आता सपाट आहे. ओढ्याला भिंत घातली आहे. अनसाबाईंनी पुन्हा शेळ्या घेतल्या आहेत आणि त्या नव्या रस्त्याच्या कडेला चारतात, ट्रक आला की दोऱ्या ओढून.

पण ते निवेदन द्यायच्या आधी मी मारुतीदादांकडे गेले होते. सुजाताच्या ओळखीच्या वकिलानं सांगितलं होतं की एकच वाट आहे. अर्ज फसवून लिहून घेतला, असं अर्ज लिहिणारीनंच लिहून द्यायचं, आणि दादांनी खाली सही करायची. मी तसं प्रतिज्ञापत्र टाइप करून नेलं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी मी त्यांना परत देऊ शकते.

दादा ओसरीवर बसले होते. केस पांढरे झालेले, हाताला कंप. त्यांनी कागद घेतला आणि बोट फिरवत सगळा वाचला. घाई केली नाही. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काढा."

ती ओळ होती: मारुती यांची दिशाभूल करून त्यांच्याकडून कब्जा सोडवून घेण्यात आला.

"दादा, तेच तर मुख्य आहे. ते काढलं तर केस उरत नाही."

"आसंल. पर ते खरं न्हाई." ते समोर बघत बोलत होते. "मला तुमी फसवायला मी काय लेकरू व्हतो का? सरकारचं कवा बी सरकार नेईल, हे माज्या बापाला बी ठाव व्हतं. ताई, आमच्या चार पिढ्या या गावात झाल्या. गावानं आमाला कामं सांगितली. पर मागितलं कदी कायीच नव्हतं. त्या ग्रामसभेत मला खुर्ची दिली आन म्हनले, मारुतराव, तुमच्याबिगर हे व्हत न्हाई. पयल्यांदा गावानं आमच्याकडं कायतरी मागितलं. म्हनून दिली म्या. खुशीनं दिली." मग आवाज न चढवता: "गाव फिरलं. पत्रे लागले तवा एक मानूस सांगाया आला न्हाई. ते गावाचं खोटं. पर माजी खुशी खोटी व्हती असं मी लिवून देनार न्हाई. तेवढंच माज्याकडं ऱ्हायलंय."

सुजाता आत दारात उभी होती. "पप्पा, प्लीज," ती म्हणाली.

मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. तिच्यामागच्या दोन ओळीही तिच्याशिवाय उभ्या राहत नव्हत्या, त्याही खोडल्या. उरलं ते फार थोडं, नुसतं एक निवेदन: अर्ज माझ्या हातचा आहे. गायरान गावाचं असतं आणि मी आहे, असं मी यांना सांगितलं होतं. दोन्ही सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

दादांनी ते पुन्हा एकदा वाचलं. "हे बरोबर हाय," म्हणाले. मी खाली सही केली. मग त्यांनी पेन मागून घेतलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरून कंप थांबवला आणि माझ्या सहीच्या शेजारी, साक्षीदार म्हणून, आपलं पूर्ण नाव लिहिलं.